रिकाम्या बंबाखाली जाळ

लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत मी सासूबाईंचा तांब्याचा बंब वितळवला. रिकाम्या बंबात जाळ घातला, फुंकणीनं फुंकून चांगला फुलवला, आणि तो फुलत असताना शेजारी उभी राहून ‘बंब’ ह्या शब्दाचं मूळ काय ते लोकांना समजावून सांगत होते. तेही चुकीचं.

ज्यांच्या न्हाणीघरात भिंतीवर गीझर लटकतो त्यांना ह्यातला मूर्खपणा पुरता कळायचा नाही, म्हणून आधी बंब सांगते. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप. त्याच्या पोटातून वरपर्यंत एक नळकांडं जातं. नळकांड्याच्या तळाशी जाळी, जाळीवर कोळसे, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या. नळकांड्याच्या भोवती पाणी. माझ्या माहेरी, दादरला, जो बंब होता त्याची रीत अशी की वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं तरच तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर येई. जेवढं घ्यायचं तेवढं आधी द्यायचं. त्यामुळे तो बंब जन्मात कधी रिकामा झाला नाही. मी लहानाची मोठी झाले, न्हाले-धुतले, परीक्षा दिल्या, लग्न ठरलं, तरी बंबात पाणी आहे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. भिंतीत विटा आहेत का, असं आपण विचारतो का? तसंच ते.

आता तेव्हाची मी. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, जाड भिंगांचा चष्मा, आणि तोंड सदा उघडं. शब्द दिसला की त्याचं कूळ काढायची मला खोड होती. कुणी चहा पुढे केला की ‘चहा’ हा शब्द चीनमधून कसा निघाला, वाटेत कुठं कुठं थांबला, हे सांगितल्याशिवाय मी कपाला हात लावत नसे. माझे दीर म्हणायचे, “वहिनी, आधी प्या, मग चीनला जा.” पण मी ऐकतेय कसली! गिरगावातल्या त्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, सहा माणसांच्या संसारात, मला वाटायचं आपण अडाण्यांच्या गावात दिवा घेऊन आलो आहोत. दिवा कसला, नुसता धूर होता.

सासूबाईंचा बंब बघितला आणि मला स्फुरलं. अंबु म्हणजे पाणी. अंबु, अंब, बंब! किती सरळ! मी धावत जाऊन सासूबाईंना ऐकवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “असेल हो. आता त्याच्यातली राख काढ.”

आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून एक वाडी होती. कौलारू घरं, लाकडी जिने, दारात क्रूस, क्रूसापुढे झेंडू. तिथले लोक ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे मुंबईचे अगदी मूळचे. आम्ही सगळे कोकणातून, देशावरून आलेले पाहुणे, ते इथलेच. घरात मराठीच बोलायचे, पण ती मराठी अशी की मी एम. ए. असून पहिल्या महिन्यात निम्मी कळली नाही, आणि कळली नाही हे कबूल करायचं तर अंगावर काटा यायचा.

त्या वाडीत एक म्हातारी होती. तिला सगळे माय म्हणत. गुडघ्यापर्यंत चोपून नेसलेलं लुगडं, अंबाड्यात फूल, कानांत जड सोनं, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिची मुलगी अकाली गेली होती. तिच्या मागं राहिलेली नात मायनंच वाढवली. वेणीफणीपासून नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या डब्यापर्यंत सगळं तिनं केलं. त्या नातीचं आता लग्न होतं. आईनं करायचं ते सगळं मायला करायचं होतं, आणि त्यातलं काही म्हणता काही चुकू द्यायचं नव्हतं.

त्या लोकांत एक सुंदर रीत आहे. लग्नाच्या वेळी बँड लावून, गाणी म्हणत, बायका विहिरीवर जातात. पाणी काढतात, हांडे भरून वाजतगाजत घरी आणतात, आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. ह्याला उंबराचं पाणी म्हणतात. उंबराचं का, ह्यावरही मला बरंच सांगायचं होतं, पण कुणी विचारलं नाही.

तर लग्नाच्या आठवडाभर आधी माय आमचा जिना चढून, प्रत्येक वळणावर थांबत, सासूबाईंकडे आली.

“बाय, तुजा बंब देशील? पोरीचं पानी तापवाचं हाय. हल्ली सगले टोपात तापवतान. माज्या लग्नाला बंबाचं पानी होतं. तिच्या आयच्या लग्नाला पन होतं.”

तो बंब सासूबाईंच्या माहेरचा होता. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेला, बोटीतून मुंबईला आलेला. दर दिवाळीला त्या स्वतः चिंच-मिठानं तो घासायच्या, त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. मला वाटलं, आता नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “ने की. आणि बंब नेतेस तर सूनही ने. जाळ बघायला माणूस हवंच, आणि तेवढा वेळ आमच्या घरात शांतता.”

मी हे कौतुक समजले.

लग्नाच्या दिवशी सकाळी चौघांनी बंब खाली उतरवला. अर्थात रिकामा करून. भरलेला बंब जिन्यावरून कोण उतरवणार? हे मी डोळ्यांनी बघितलं. ह्या बंबाची तोटी तळाशी, आणि रोज तो सासूबाईच भरायच्या; दिरांनी आदल्या संध्याकाळी त्यातलं सगळं पाणी तोटीवाटे सोडलं तेही बघितलं. पण बघणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. मायच्या मागच्या अंगणात, न्हाणीशेजारी, तो तीन विटांवर बसवला. घासून असा लखलखीत केलेला की अंगणातली कोंबडी त्यात स्वतःला बघून भांडायला लागली.

मग बँड वाजला. वाडीतल्या बायका रंगीत लुगडी नेसून विहिरीवर निघाल्या. माय सगळ्यांत पुढे. विहीर वाडीच्या दुसऱ्या टोकाला होती, पण वाट खडबडीत, आणि मायचे गुडघे! दोघी हात धरायला पुढे आल्या तर तिनं त्यांना झटकलं. विहिरीवर पोचल्यावर दोर स्वतःच्या हातात घेतला. पहिला हांडा तिनं ओढला. इतर बायका गात होत्या, ती गात नव्हती. ओठ मिटून दोर ओढत होती. हांडा काठावर आला तेव्हा तिनं ओला हात पदराला न पुसता तसाच तोंडावरून फिरवला. मी जवळ होते. तिला त्या क्षणी तिची मुलगी आठवत होती हे माझ्यासारख्या बावळटालाही कळलं.

हांडे अंगणात आले. त्यांच्यावर स्वच्छ फडकी झाकली. बँडवाले लगेच नवरीच्या गॉडमदरला तिच्या घरून वाजत आणायला निघून गेले. बायका कपडे, फुलं, दागिने बघायला आत पांगल्या. नवरी आतल्या खोलीत केसांना खोबऱ्याचं तेल लावून पाटावर बसलेली. अंगणात उरलो मी, बंब, आणि नवरीचा मामा.

हा मामा म्हणजे मायचा मुलगा. जहाजावर इंजिनखात्यात, बहिणीच्या लेकीच्या लग्नासाठी रजेवर आलेला. जगातली सगळी बंदरं बघितलेला, आणि ते लपवून न ठेवणारा. मी जाळीवर करवंट्या रचल्या, कोळसे ठेवले, काडी लावली. झाकलेले हांडे शेजारीच होते. माझ्या डोक्यात माहेरचा हिशेब पक्का: पाणी कढत झालं की हांड्यातलं तांब्या-तांब्या ओतायचं आणि तोटीतून तेवढं घ्यायचं. बंबात मुळात काही आहे की नाही, हा विचार आसपास फिरकलाही नाही. मामाला वाटलं, बाई जाळ घालतेय म्हणजे तिनं भरला असणार. चष्म्याचा परिणाम.

“बंब म्हणजे काय, ठाऊक आहे का?” मी फुंकणी बाजूला ठेवून विचारलं.

“बंब? ते पोर्तुगीज. बोंबा! पंपाला बोंबा म्हणतात. आमच्या जहाजावर दोन बोंबे हाईत.”

“छे! पोर्तुगीज कसलं! हा शुद्ध आपला शब्द. अंबु.”

“अंबू कोन?”

“अंबु म्हणजे पाणी.”

“इतकी वर्सं गिरगावात हाय मी. अंबू दे गो, आंघोल करतू, असं कोन बोललं नाय अजून.”

“बोलीत शब्द झिजतात. अ गेला, ब दुप्पट झाला...”

“अ कुठं गेला? लिस्बनला?”

आम्ही दोघंही चढलो. तो लिस्बनच्या धक्क्यावरचे पंप आणि आगीचे बंब चालवणारे ‘बोंबेरू’ सांगू लागला. मी अमरकोश म्हणायला लागले. मध्येच मी वाकून दोन ढलप्या टाकल्या. आतून नवरी ओरडली, “पानी तापलं कं गो?” मी ओरडले, “होतंय!”

पहिल्यांदा वास आला. तापलेल्या तांब्याचा, जिभेवर येणारा. मग चर्र असा आवाज. काहीतरी थेंब थेंब कोळशांवर पडत होतं. मामा थांबला. इंजिनखात्यातला माणूस तो, त्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. तोटी उघडली. फुस्स. वाफही नाही, नुसती गरम हवा.

“पानी कुठाय?”

“असेल की,” मी म्हणाले. शब्दशः एवढंच म्हणाले.

शहाण्या माणसानं जाळ बाहेर ओढला असता. मामा तेच करायला वाकला होता. पण मी ओरडले, “पाणी ओता! आधी पाणी ओता!” आणि स्वतःच एक हांडा उचलून नरसाळ्यात रिकामा केला. वाफेचा एवढा मोठा लोट उठला की आम्ही दोघं मागं पडलो. त्यानं घाबरून दुसरा हांडा ओतला. तोटीतून काही येईना. “तळाला पोचलं नसेल, आणखी घाला,” मी म्हणाले. मी म्हणत गेले, तो ओतत गेला. बंबाचे कथलानं सांधलेले जोड वितळून केव्हाच सुटले होते. वरून घातलेलं पाणी सरळ जाळीतून खाली येत होतं, विस्तव विझवत, राख घेऊन, विटांमधून काळं काळं वाहत अंगणभर पसरत होतं. शेवटचा हांडा उपडा केला तेव्हा तो ओघळ मागच्या दारापर्यंत गेला होता.

दारात माय उभी होती. पाणी तिच्या पायांपाशी आलं, अंगठ्याला लागलं, थांबलं.

बायका धावत बाहेर आल्या. कुणी बंब बघितला, कुणी उपडे हांडे. गर्दीतली एक लांबची मावशी छातीवर क्रूस करून पुटपुटली, “पैलंच पानी सांडलं. बरं नाय हा.” ते सगळ्यांनी ऐकलं. आतल्या खोलीतून आवाज आला नाही, म्हणजे नवरीनंही ऐकलं होतं.

माय दगडी पायरीवर सावकाश बसली आणि त्या ओल्या राखेकडे बघत राहिली. ती ओरडली असती, मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी जगले असते. मला एवढंच दिसत होतं की आई नसलेल्या पोरीच्या अंगावर जे पाणी पडायचं, जे ह्या बाईनं दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून स्वतः ओढलं होतं, ते मी चिखलात घालवलं; आणि आता ती त्याचा अपशकुन धरणार की नाही ह्यावर सगळ्या घराचा दिवस अवलंबून होता.

इतक्यात आमच्या मागच्या जिन्यावरून सासूबाई उतरल्या. वाफ वरून दिसली होती. त्यांनी माहेरच्या बंबाकडे एकदा पाहिलं. त्याचं पोट फुगलं होतं, बूड उघडं पडलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पुढची तीस वर्षं वरचेवर बघितली. मग मायपाशी जाऊन म्हणाल्या, “विहीर आहे ना जाग्यावर?”

मायनं मान वर केली.

“बंबाचं सोड गं. विहीर आहे ना?”

“हाय,” माय म्हणाली.

“मग ऊठ.”

त्यांनी पदर खोचला. मायनं हात पुढे केला. सकाळी कुणाचा हात घेतला नव्हता, आता सासूबाईंचा घेतला. “पैला हांडा मीच काढनार,” एवढंच बोलली.

बँड नव्हता. बँडशिवाय हे पाणी आणायचं नसतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मामानं तोंडापुढे हातांची नळी केली आणि गाल फुगवून पिपाणी वाजवायला सुरुवात केली. कर्णकर्कश! सासूबाईंनी बंबाचं झाकण उचललं, विझलेल्या जाळातली एक ढलपी घेतली आणि त्यावर ठोका दिला. तांब्याचं झाकण काय घुमलं! वरच्या गॅलऱ्यांतून आमच्या चाळीतल्या बायका वाकून बघत होत्या, त्यांना राहवेना. ज्या अंगावरच्या साडीत होत्या तशाच आपापली कळशी, घागर घेऊन खाली आल्या. पुढं मामाची पिपाणी, मग झाकण, मग माय, मग लुगडी आणि गोल साड्या सरमिसळ. सगळ्यांच्या मागं मी, एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात चष्मा, कारण काचांवर राख बसली होती आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

तापवायचं कशात? जेवणाच्या भट्टीवर. तिथं मोठमोठ्या टोपांत डुकराचं मटण रटरटत होतं. सासूबाई कांद्याच्या वासानंही नाकाला पदर लावायच्या. त्या दिवशी आपली घागर त्या टोपाला खेटून निखाऱ्यांवर ठेवली आणि पाणी कढत होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मी हळूच म्हणाले, “आई, वास...” तर म्हणाल्या, “आपण पाणी तापवायला आलोय. वास घ्यायला तुला कुणी सांगितलं?”

नवरीची आंघोळ झाली. मायनं पहिला तांब्या घातला. मी हे बघितलं नाही, मी तोवर चाळीत पळून गेले होते. चर्चची घंटा वरून ऐकली, बँड परत आलेला ऐकला, मांडवातला गलका ऐकला. खाली जायची छाती झाली नाही.

ह्याला आता खूप वर्षं झाली. चाळ पाडून तिथं टॉवर झाला, त्यातल्या अठराव्या मजल्यावर मी राहते. सासूबाई गेल्या. जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, “आमची सून एम. ए. आहे. कोरडा बंब तापवते.” बंब पुन्हा सांधून घेतला होता, पण त्याचं पोट कायमचं एका बाजूला आलं. तो अजून माझ्याकडे आहे. आणि त्याच्या नावाचा नाद मला जो लागला तो लागलाच.

मामाचं बरोबर होतं. दादरच्या वाचनालयात जाऊन मी तो शब्द शोधला तेव्हा अंबु बिचारी कुठंच सापडली नाही. पोर्तुगीजांचा ‘बोंबा’ म्हणजे पंपच. जहाजाच्या तळात शिरलेलं समुद्राचं पाणी उपसून टाकणारा. जहाज जिथं जिथं लागलं तिथं तिथं हा शब्द धक्क्यावर उतरला, आणि प्रत्येक गावानं त्याला आपल्या घरचं काम दिलं. आमच्या खालच्या गुजराती कापडवाल्याची बायको रस्त्यावरून आगीची गाडी गेली की म्हणायची, “लायबंबो गयो!” लाय म्हणजे आग, आपण अंगाची लाही लाही झाली म्हणतो ती बहुधा तिचीच बहीण. उत्तरेकडचा दूधवाला म्हणाला, “अम्मा, हमारे बंबे में तो भैंस नहाती है.” मी हबकले. त्यांच्याकडे बंबा म्हणजे शेतात जाणारा छोटा कालवा! माझी लेक काही वर्षं पूर्व आफ्रिकेत होती. तिथं नळाच्या पाइपला बोंबा म्हणतात, आणि तरणी पोरं एखादी गोष्ट फार आवडली की तिलाही बोंबाच म्हणतात. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी आठवडाभर आमटीला बोंबा म्हणत होते.

त्या शब्दाच्या आणखी मागं गेलं की ग्रीक लागतं. तिथं तो नुसता आवाज आहे: घुमणं, मधमाश्यांचं गुणगुणणं, पोकळ भांड्यातून येणारा नाद. त्याच घराण्यात फुटणारा बॉम्बही जन्मला आणि आग विझवणारा बंबही, असं काही पंडित म्हणतात. काही म्हणतात दोघांचं गोत्र वेगळं. मला त्यांची भांडणं वाचायला फार आवडतात. आता लांबून वाचते.

एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. पंपाचं नाव न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भांड्याला कसं लागलं? त्यात पंप नाही, उपसा नाही. माझा एक तर्क आहे: जुने आगीचे बंब वाफेवर चालायचे, त्यांच्यावर असाच उभा तांब्या-पितळेचा बॉयलर असायचा, पोटात जाळ, वर धुराडं. रस्त्यावरची गाडी बघून लोकांनी घरातल्याला तेच नाव दिलं असेल. असेल. हल्ली तर्क सांगण्याआधी मी एकदा पाणी बघून घेते.

परवा माझ्या नातीनं क्वालालंपूरहून फोटो पाठवला. ती तिथं कामाला आहे. लालभडक आगीची गाडी, पितळी नळ, शिरस्त्राणं घातलेले जवान, आणि गाडीच्या अंगावर भलं मोठं ‘बोंबा’. खाली तिनं लिहिलेलं, “आजी, तुझा बंब इथं नोकरीला लागलाय!” तो फोटो मी मोठा करून कितीदा बघितला. गिरगावातल्या न्हाणीत बसलेला, तिकडं आग विझवायला धावणारा, कुठं म्हशीला न्हाऊ घालणारा. सगळीकडे पाण्याशी इमान राखून राहिलेला हा शब्द! फक्त माझ्या हातून एकदा कोरडा राहिला.

फोनवर नात म्हणाली, “पण आजी, एवढी वाईट आठवण असताना तू तो शब्द टाकून कसा नाही दिलास? मी असते तर परत तोंडातून काढला नसता.”

टाकून मीही दिलाच होता. त्या संध्याकाळी खोलीत अंधार करून बसले होते आणि ठरवलं होतं की ह्यापुढे कुठल्याही शब्दाला विचारायचं नाही, तू कुठला म्हणून. खाली मांडव रंगात होता. जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मी ओळखलं आणि मला पळायला जागा नव्हती.

दारात माय उभी. दम लागलेला, लग्नाचं लुगडं, हातात फुग्यांची बशी. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे तळलेले गोल गोळे. त्यात अंडं असतं, आणि आमच्याकडे अंडं चालत नव्हतं. बशी तिनं माझ्या मांडीवर ठेवली, ट्रंकेवर टेकली, गुडघे चोळले. मी मान खाली घालून म्हणाले, “माय, पाणी सांडलं. मी तुमचं पाणी सांडलं.”

ती म्हणाली, “एका पान्यानी तं सगल्याच नवऱ्या नातान गो. माजी पोर दोन पान्यांनी नाली. रडू नको, खा. आन आता मना सांग बगू, त्या बंबाचं नाव कुटना आयलं? सकाली तुमी दोगं एवडं भांडत होतात, पन माज्या कानावर अर्धंच आयलं.”